काळ्या पडद्याआड

इटलीतील ॲपेनाइन पर्वताच्या एका कड्यावर युडॉल्फो नावाचा जुना किल्ला उभा आहे. नकाशात तो शोधायला जाऊ नये. त्याचे सारे बांधकाम शाईचे आहे. आईबापांना मुकलेली एमिली नावाची एक फ्रेंच तरुणी आपल्या आत्याबरोबर या किल्ल्यात येऊन पडते. आत्याचा नवा नवरा माँटोनी हा किल्ल्याचा धनी. त्याला आत्याची मालमत्ता हवी आहे आणि तिच्यापायी तो कोणत्या थराला जाईल याचा नेम नाही. रात्री ओसाड दालनांतून पावले वाजतात. एमिलीच्या खोलीचे एक दार कोणीतरी बाहेरून लावून घेते. अशा त्या किल्ल्यातील एका दालनात भिंतीवर एक चौकट आहे आणि तिच्यावर काळा रेशमी पडदा सोडलेला आहे. चाकरमाणसे त्याविषयी कुजबुजतात, पण उघड कोणी बोलत नाही. एके दिवशी मन घट्ट करून एमिली तो पडदा उचलते आणि त्याच क्षणी तो तिच्या हातातून सुटतो. दारापर्यंत पोहोचण्यापूर्वीच ती बेशुद्ध होऊन खाली कोसळते.

तिने काय पाहिले? लेखिका सांगत नाही. दुसऱ्या खंडात पडलेले हे कोडे चौथ्या खंडाच्या अखेरीपर्यंत तसेच राहते.

'द मिस्टरीज ऑफ युडॉल्फो' ही चार खंडांची कादंबरी १७९४ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. त्या काळी कादंबरी विकत घेणारे थोडे आणि वर्गणी भरून वाचनालयातून आणणारे फार. एक खंड परत करावा, दुसरा आणावा, तो दुसऱ्या कोणाकडे गेलेला असला तर वाट पाहावी. तेव्हा पडदा उचलणाऱ्या एमिलीबरोबर वाचकही दिवसचे दिवस ताटकळत राहत असे. जेन ऑस्टिनच्या 'नॉर्थँगर ॲबी' या कादंबरीत कॅथरिन मॉर्लंड नावाची एक भाबडी मुलगी नेमकी याच टप्प्यावर आलेली आहे. मैत्रीण पडद्याआडच्या रहस्याचा विषय काढते, तेव्हा ती ते ऐकायला तयार होत नाही. आपल्याला काही सांगू नकोस, आयुष्यभर हेच पुस्तक वाचत बसायलाही आपली तयारी आहे, असे ती म्हणते. याच कादंबरीतला हेन्री टिल्नी हा शहाणासुरता तरुणदेखील कबूल करतो की, त्याने युडॉल्फो दोन दिवसांत संपवली आणि तेवढा वेळ त्याच्या अंगावरचा काटा उतरला नाही.

असे वाचक ज्या लेखिकेला लाभले, तिला पुढे तेच वाचक कंटाळले. ते कसे कंटाळले आणि त्यांची तक्रार ऐकून तिने काय केले, याची हकीकत तिच्या कोणत्याही कादंबरीहून कमी चमत्कारिक नाही.

ॲन रॅडक्लिफ यांचा जन्म ९ जुलै १७६४ रोजी लंडनमध्ये झाला. वडील विल्यम वॉर्ड यांचा किरकोळ कापडसामानाचा व्यापार होता. पुढे ते बाथ या गावी चिनी मातीच्या भांड्यांचे एक दुकान सांभाळू लागले. विख्यात कुंभकार वेजवुड यांचे भागीदार टॉमस बेंटली हे या कुटुंबाचे आप्त. घर म्हणजे साधे, नेकीचे, व्यापारी पेशाचे. किल्ले, तळघरे, खलपुरुष यांचा त्याच्याशी कसलाही संबंध नव्हता. १७८७ साली विल्यम रॅडक्लिफ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हे गृहस्थ कायदा शिकू लागले होते, पण वळले वृत्तपत्राच्या धंद्याकडे. वृत्तपत्राचे काम रात्री उशिरापर्यंत चालायचे. घरात मूलबाळ नव्हते. शेकोटीपाशी एकटे बसून पतीची वाट पाहण्याच्या त्या वेळात रॅडक्लिफबाई लिहू लागल्या. भीतीच्या वाङ्मयातील केवढा मोठा कारखाना अशा रिकाम्या संध्याकाळींतून उभा राहिला!

पहिली छोटी कादंबरी १७८९ मध्ये आली, दुसरी १७९० मध्ये, तिसरी, 'द रोमान्स ऑफ द फॉरेस्ट', १७९१ मध्ये. पहिल्या दोन्ही पुस्तकांवर नाव नव्हते. तिसऱ्याच्या दुसऱ्या आवृत्तीपासून ते छापले जाऊ लागले. मग युडॉल्फोच्या हस्तलिखितासाठी प्रकाशकाने ५०० पौंड मोजले आणि १७९७ च्या 'द इटालियन' या कादंबरीला दुसऱ्या एका प्रकाशकाने ८०० पौंड दिले. या आकड्यांचे वजन ध्यानात यावे म्हणून एक तुलना करतो. जेन ऑस्टिनने १८०३ साली आपल्या एका कादंबरीचे हस्तलिखित विकले तेव्हा तिच्या हाती पडले होते फक्त १० पौंड.

गंमत अशी की, इटलीची इतकी रोमांचक वर्णने करणाऱ्या या बाईंनी इटली कधी पाहिलीच नाही. क्लोद लोरँ आणि साल्वातोर रोझा या चित्रकारांची निसर्गचित्रे आणि इतर प्रवाशांची पुस्तके एवढ्या भांडवलावर त्यांनी पर्वत रचले, दऱ्या खोदल्या आणि पाइनची अरण्ये वाढवली. १७९४ च्या उन्हाळ्यात त्या पतीसह हॉलंड आणि जर्मनीच्या प्रवासाला निघाल्या. पुढे स्वित्झर्लंडमध्ये उतरण्याचा बेत होता, पण सरहद्दीवर प्रवासाच्या कागदपत्रांवरून अधिकाऱ्यांनी हरकत घेतली आणि जोडपे माघारी वळले. आल्प्स पर्वत डोळ्यांनी पाहण्याची संधी अशी हुकली. पुस्तकांच्या दृष्टीने ते बरेच झाले, असे मला वाटते. प्रत्यक्ष पाहिलेल्या डोंगरावर धुके हवे तेव्हा उतरत नाही.

आता त्यांच्या रीतीकडे वळू, कारण यशाचे मूळ तेथे आहे आणि अपयशाचेही तेथेच आहे. आपल्याकडे वेदान्ती मंडळी रज्जुसर्पाचा दृष्टान्त देतात. अंधुक उजेडात वाटेवर पडलेली दोरी सापासारखी दिसते, माणूस दचकतो, घामाघूम होतो. दिवा आणला म्हणजे साप नाहीसा होतो आणि दोरी तेवढी उरते. रॅडक्लिफबाईंची प्रत्येक कादंबरी म्हणजे एक रज्जुसर्प आहे. तीन-साडेतीन खंड त्या उजेड मंद ठेवतात आणि अखेरीस दिवा घेऊन येतात. युडॉल्फोत माँटोनी बोलत असता भिंतीतून त्याचेच शब्द उलट ऐकवणारा तो गूढ आवाज कोणाचा? गुप्त वाटेने हिंडणाऱ्या एका कैद्याचा. दुसऱ्या एका गढीत झपाटलेल्या खोलीतून रातोरात एक नोकर नाहीसा होतो, त्याला कोणी नेले? खोलीखालच्या भुयारात चोरटा माल लपवणाऱ्या लुटारूंनी. रानात मध्यरात्री ऐकू येणारे ते व्याकूळ संगीत? एका भ्रमिष्ट जोगिणीचे. आणि त्या काळ्या पडद्याआड काय होते? मेणाचा पुतळा. किल्ल्याच्या एका पूर्वजाने काही पाप केले होते. त्याचे प्रायश्चित्त म्हणून मठाने त्याला सडलेल्या, किड्यांनी पोखरलेल्या प्रेताच्या मेणाच्या प्रतिमेकडे रोज काही वेळ पाहत बसण्याची शिक्षा दिली होती. एमिलीला वाटले, हा कोणाचा तरी खून! घाबरून तिने पुन्हा पाहिले नाही; पाहिले असते तर मेण ओळखू आले असते.

हे स्पष्टीकरण वाचून आजच्या वाचकाच्या तोंडून जो उद्गार निघेल, तोच त्या वेळीही पुष्कळांच्या तोंडून निघाला असला पाहिजे. मी स्वतः युडॉल्फो प्रथम वाचली तेव्हा चौथ्या खंडातील ती ओळ दोनदा वाचली. काही निसटले तर नाही ना, अशी शंका आली म्हणून.

परंतु बाईंची बाजूही समजून घेतली पाहिजे. तो काळ बुद्धिवादाचा होता. भुताखेतांवर विश्वास ठेवणे हे अडाणीपणाचे लक्षण समजले जाई आणि कादंबरी हा प्रकारच मुळात सभ्य घरांतून संशयाने पाहिला जाई. रॅडक्लिफबाईंच्या पुस्तकांत भूत शेवटी खोटे ठरते, नायिकेचे शील आणि विवेक दोन्ही शाबूत राहतात, आणि कल्पनेच्या आहारी गेल्याने माणूस विनाकारण कसा भितो हेही पटते. त्यामुळे घरातील वडीलधाऱ्यांनी मुलींच्या हाती ही पुस्तके निश्चिंतपणे द्यावी. याच्या उलट मॅथ्यू लुईसची तऱ्हा पाहा. युडॉल्फो वाचून भारावलेल्या या विशीतल्या तरुणाने 'द माँक' ही कादंबरी १७९६ साली प्रसिद्ध केली. तिच्यात भूत खरे, सैतान खरा, आणि पापे तर अशी की त्यांची नावे येथे घेऊ नयेत. लुईस त्याच सुमारास पार्लमेंटचा सभासद झाला होता आणि ही पदवी त्याने पुस्तकावर छापली. मग जो गहजब उडाला, तो इतका की पुढच्या आवृत्तीत त्याला बराचसा मजकूर गाळावा लागला.

दोघांमधील फरक रॅडक्लिफबाईंना पक्का ठाऊक होता. त्यांनी एका संवादात तो मांडूनही ठेवला आहे. एक भीती अशी की जी मनाला विस्तारते, त्याच्या शक्ती जाग्या करते. दुसरी अशी की जी मनाला आखडून टाकते, गोठवून टाकते. पहिली अंधुकतेतून जन्मते, दुसरी सारे काही उघडे करून दाखवण्यातून. आपल्या रसशास्त्राने भयानक आणि बीभत्स हे दोन रस निराळे मानलेले आहेत. लंडनच्या या बाईंना भरतमुनींचे नाव माहीत असण्याचे कारण नव्हते, तरी त्या आपल्या वाटेने जवळपास त्याच ठिकाणी येऊन पोहोचल्या. या दृष्टीने पाहिले म्हणजे त्या काळ्या पडद्याचा अर्थ निराळाच लागतो. पडद्याआडचा पुतळा बीभत्स आहे. पडदा मात्र भयानक आहे. बाईंची सारी कला पडद्यात होती. दुर्दैव एवढेच की, वाचकाला कबूल केल्याप्रमाणे तो कधीतरी वर करावा लागे.

एकदा वर केला, वाचक चिडला पण हसून गेला. दुसऱ्यांदाही त्याने समजून घेतले. पण चौथ्या-पाचव्या वेळी काय होणार? दालनातून पाऊल वाजले की वाचक आता दचकत नाही. हा कोणता कैदी असेल, एवढाच विचार करतो. युडॉल्फो निघाली त्याच वर्षी 'क्रिटिकल रिव्ह्यू' या नियतकालिकातील परीक्षणकाराने ही दुखरी जागा अचूक दाखवली होती. लेखिका वाचकाची उत्सुकता इतकी वर चढवून ठेवते की, पुढे तिचे समाधान करील असे उत्तर सापडणेच शक्य नसते, असा त्याचा आशय होता. पुढे 'द इटालियन' हाती आली तेव्हा, १७९८ मध्ये, त्याच नियतकालिकाने आणखी स्पष्ट लिहिले: लेखिका कितीही कुशल असो, या धर्तीच्या अद्भुत कथांचा वाचकाला लवकरच वीट येणार, हे ओळखणे अवघड नव्हते.

वीट येण्याला दुसरेही एक कारण होते आणि त्याचा दोष बाईंच्या माथी मारता येणार नाही. लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवर विल्यम लेन नावाचा एक धूर्त व्यापारी मिनर्व्हा प्रेस चालवत असे. पुस्तके छापायची आणि आपल्याच नमुन्यावर चालणाऱ्या वर्गणीदार वाचनालयांना ती पुरवायची, असा त्याचा दुहेरी धंदा. ५०० पौंडांची वार्ता पसरल्यावर किल्ला, तळघर, मठ, जुने हस्तलिखित, मध्यरात्रीचा टोला आणि बेशुद्ध पडणारी नायिका यांचे मिश्रण घोटून देणारे लेखक गल्लोगल्ली निर्माण झाले आणि लेनने त्यांना हात दिला. 'नॉर्थँगर ॲबी'तील इझाबेला आपल्या मैत्रिणीला एका दमात अशा सात कादंबऱ्यांची नावे ऐकवते. ती नावे इतकी भडक आहेत की, कित्येक वर्षे लोकांना ती ऑस्टिनने थट्टेखातर रचलेली वाटत. विसाव्या शतकात ग्रंथप्रेमी संशोधकांनी धुंडाळून काढले तेव्हा सातही पुस्तके खरोखरीची निघाली. एवढी प्रसिद्ध पुस्तके शंभर वर्षांत अशी नाहीशी झाली की ती होती की नव्हती याचाच वाद पडावा! पुरात पहिले झाड कोणी लावले होते हे कोण पाहतो? वाचकाने रॅडक्लिफ आणि तिची नक्कल एकाच टोपलीत टाकली.

या वेलीची एक फांदी हिंदुस्थानपर्यंत आलेली आहे, म्हणून दोन शब्द विषयांतर करतो. किल्ल्यातले गूढ लंडनच्या गल्लीबोळांत आणून बसवणारा एकोणिसाव्या शतकातील लोकप्रिय कादंबरीकार जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स इकडच्या इंग्रजी शिकलेल्या तरुणांनी अधाशासारखा वाचला. हरिभाऊ आपटे यांची 'मधली स्थिती' (१८८५) ही पहिली कादंबरी त्याच्याच एका कादंबरीच्या प्रेरणेतून लिहिली गेली. हरिभाऊ त्या वाटेवर फार काळ रेंगाळले नाहीत, हे मराठी वाचकाचे भाग्य. रेनॉल्ड्स मायदेशी विस्मरणात गेला.

लंडनमध्ये १७९७ नंतर काय घडले ते आता पाहू. काहीच घडले नाही. इंग्लंडमधील सर्वांत जास्त मोबदला मिळवणारी कादंबरीकर्त्री वयाच्या तेहतिसाव्या वर्षी थांबली, आणि पुढची पंचवीस वर्षे तिची एकही कादंबरी आली नाही. १७९८ मध्ये वडील वारले, १८०० मध्ये आई. वारशाने उत्पन्नाची सोय झाली आणि पैशासाठी लिहिण्याची गरज उरली नाही. मुळात त्या कमालीच्या भिडस्त. लेखिका म्हणून लोकांनी आपल्याकडे पाहावे, ही कल्पनाच त्यांना सोसत नसे. पतीबरोबर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याकडे सहलीला जावे, जुने किल्ले, प्रार्थनामंदिरे पाहावी आणि रोजनिशीत टिपणे लिहावी, असे त्यांचे आयुष्य चालले होते. सभासंमेलनांत त्या दिसत नसत, साहित्यिकांच्या बैठकींत तर नाहीच.

लोकांनी मात्र ती रिकामी जागा आपल्या कल्पनेने भरून काढली. रॅडक्लिफबाई वारल्या, अशी अफवा उठली. मग, वारल्या नाहीत, स्वतःच निर्माण केलेल्या भुतांनी त्यांना वेड लावले असून डर्बीशायरमध्ये कोठेतरी कोंडून ठेवले आहे, अशी दुसरी उठली. त्यांच्या वेडावर कविताही रचली गेली. बाईंनी यातले काहीही खोडून काढले नाही. कवी कीट्स १८१९ साली एका पत्रात आपल्या नव्या कवितांच्या नावांची थट्टा करताना त्यांना गमतीने 'मदर रॅडक्लिफ' म्हणून जातो. हा तेवीस वर्षांचा पोरगा एखाद्या गेलेल्या पिढीतील आजीबाईंचा उल्लेख करावा तसा त्यांचा उल्लेख करतो. आजीबाई तेव्हा चोपन्न वर्षांच्या होत्या आणि त्याच शहरात राहत होत्या.

दरम्यान जेन ऑस्टिनचे ते १० पौंडांचे हस्तलिखित प्रकाशकाकडे धूळ खात पडले होते. १८१६ साली तेवढेच १० पौंड परत देऊन ते सोडवण्यात आले आणि लेखिकेच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या डिसेंबरअखेर, 'नॉर्थँगर ॲबी' या नावाने प्रसिद्ध झाले. कॅथरिन एका जुन्या वाड्यात पाहुणी म्हणून जाते, वादळी रात्री काळ्या कपाटाच्या कप्प्यातून थरथरत्या हातांनी एक कागदांची गुंडाळी काढते आणि सकाळी उजेडात पाहते तो काय, धोब्याच्या हिशेबाचे कागद! विनोद उत्तमच आहे. पण ऑस्टिनने स्वतःच प्रस्तावनेदाखल वाचकाची क्षमा मागून ठेवली होती की, हे पुस्तक तेरा वर्षांपूर्वी पुरे झाले असून एवढ्या काळात चालीरीती, पुस्तके, मते पार बदलली आहेत. ज्या वेडाची थट्टा करायची तेच ओसरून गेले होते.

मग लोकांना भीतीच नकोशी झाली होती काय? तारखा पाहा. 'नॉर्थँगर ॲबी' वाचकांच्या हाती पडली, आणि नंतर आठवड्या-दोन आठवड्यांतच, १ जानेवारी १८१८ रोजी, लंडनमध्येच एक नवी, निनावी कादंबरी विक्रीला आली. तिचे नाव 'फ्रँकेन्स्टाइन'. लिहिणारी मेरी शेली तेव्हा अवघी वीस वर्षांची होती. या कथेत किल्ला नाही, बुरखा नाही, गुप्त दार नाही. विज्ञान शिकलेला एक तरुण प्रेतांचे अवयव जोडून जिवंत प्राणी घडवतो आणि तो प्राणी त्याला सोडत नाही. अखेरीस कोणी दिवा घेऊन येत नाही. साप साप म्हणूनच उरतो. वाचक भ्यायला तयारच होता, मात्र मेणाला भिण्याचे त्याने सोडून दिले होते. पुस्तक बंद केले म्हणजे मनातली भीतीही बंद व्हावी, हे त्याला आता पुरेनासे झाले होते.

रॅडक्लिफबाईंविषयी सर्वांत समंजस लिहिले ते सर वॉल्टर स्कॉट यांनी, १८२४ साली. कादंबरीत काव्य आणणारी पहिली लेखिका म्हणून त्यांनी बाईंचा मोठा गौरव केला. शेवटच्या स्पष्टीकरणांबद्दल मात्र त्यांनी गय केली नाही. वाचकाला आपण फसवले गेलो असे वाटते, आणि रंगभूमीमागच्या दोऱ्या-कप्प्या एकदा पाहिल्यावर पुन्हा त्या नाटकात जीव रमत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. एवढे सारे गूढ उभे केल्यावर एखादे भूत खरे राहू दिले असते तर काय बिघडले असते? हा प्रश्न बाईंच्या कानी पडण्याचा संभव नव्हता. ७ फेब्रुवारी १८२३ रोजी, बरीच वर्षे दम्याने त्रस्त असलेल्या रॅडक्लिफबाई लंडनमध्ये वारल्या होत्या.

परंतु त्या प्रश्नाचे उत्तर वीस वर्षांपूर्वीच लिहून तयार होते.

१८०२ च्या शरद ऋतूत रॅडक्लिफ दांपत्य केनिलवर्थचा पडका किल्ला पाहायला गेले होते. परत आल्यावर त्या हिवाळ्यात बाईंनी 'गॅस्टन द ब्लाँडविल' ही कादंबरी लिहिली. काळ राजा तिसरा हेन्री याचा. राजाची स्वारी केनिलवर्थला येत असता एक व्यापारी वाटेत आडवा होतो आणि राजाच्या मर्जीतल्या गॅस्टन या सरदारावर आपल्या आप्ताच्या खुनाचा आरोप करतो. राजाचा विश्वास बसत नाही. सामान्य व्यापाऱ्याचे बोल कुठे आणि लाडक्या सरदाराची प्रतिष्ठा कुठे! फिर्यादीच कैदेत पडतो. मग जो मारला गेला तोच साक्षीला येतो. खून झालेल्या योद्ध्याचे भूत भर दरबारी मंडळींत पुन्हा पुन्हा प्रकट होते, आणि जे न्याय करू शकत नाहीत त्यांच्याकडून न्याय करवून घेते. हे भूत कैदी नाही, लुटारू नाही, मेण नाही. शेवटचे पान उलटले तरी ते भूतच राहते. आयुष्यभर वाचकांना दोरी दाखवणाऱ्या लेखिकेने एकदाच खरा साप लिहिला.

आणि तो छापला नाही. स्वतःच्या आणि पतीच्या करमणुकीखातर लिहिले होते, ते बाडात बांधून ठेवले. बाड उघडले गेले ते त्यांच्या मृत्यूनंतर. १८२६ साली, टॅलफर्ड यांनी लिहिलेल्या चरित्रपर लेखासह, काही कवितांसोबत चार खंडांत ही कादंबरी प्रसिद्ध झाली. भीतीच्या दोन जातींविषयीचा तो संवाद मूळ याच कादंबरीच्या आरंभासाठी लिहिलेला होता. तो त्याच वर्षी एका मासिकात निराळा छापून आला, आणि आज अभ्यासक कादंबरीपेक्षा त्यालाच अधिक मान देतात.

कादंबरीचे फारसे काही झाले नाही. मेजवान्यांची, पोशाखांची, दरबारी रिवाजांची वर्णने तिच्यात इतकी आहेत की कथेला चालायला वाट सापडत नाही, हा तिचा उघड दोष. पण त्याहून मोठी अडचण काळाची होती. १८०३ साली निघाली असती तर इतिहासाच्या पार्श्वभूमीवरची ती एक अगदी नवी कृती ठरली असती. मधल्या काळात, १८१४ साली, स्कॉटची 'वेव्हर्ली' आली होती आणि ऐतिहासिक कादंबरीचे राज्य त्याच्या हाती गेले होते. इतकेच काय, १८२१ मध्ये 'केनिलवर्थ' याच नावाची स्कॉटची कादंबरी निघून घरोघर वाचलीही गेली होती. बाईंचे भूत आपल्या किल्ल्यात येऊन उभे राहिले तेव्हा तेथे दुसरा भाडेकरू राहायला आलेला होता. ज्यांनी तीस वर्षांपूर्वी खऱ्या भुताचा हट्ट धरला असता, ते वाचक आता पन्नाशीत होते आणि त्यांची मुले दुसरेच काही वाचत होती.

युडॉल्फो तेवढी टिकून राहिली. आज ती विद्यापीठांतून अभ्यासली जाते, तिच्या चांगल्या टीपायुक्त आवृत्त्या मिळतात. मात्र बहुतेक वाचक तिच्यापर्यंत पोहोचतात ते कॅथरिन मॉर्लंडचे बोट धरून. जिने थट्टा केली तिनेच नाव जिवंत ठेवले. माझी स्वतःची शिफारस विचाराल तर पहिल्या खंडातील प्रवासवर्णने घाईने न उलटता वाचावीत आणि चौथ्या खंडातील उलगडे घाईने उलटावेत.

१८८३ साली कवयित्री क्रिस्टिना रोझेटी यांनी रॅडक्लिफबाईंचे चरित्र लिहायचे मनावर घेतले. त्यांनी चौकशी केली, पत्रे, आठवणी, काही कागद मिळतात का ते पाहिले. साठ वर्षांपूर्वी वारलेल्या, एके काळी सगळ्या इंग्लंडला रात्ररात्र जागवणाऱ्या या बाईंविषयी चरित्राला पुरेल इतके काही हाती लागले नाही, आणि रोझेटीबाईंनी तो बेत सोडून दिला.